ट्यूडर इंग्लंड, ब्रेक्झिट आणि आपली धर्मग्रामे

२३ ऑक्टोबर २०२५ रोजी व्हॅटिकनमधील सिस्टीन चॅपेलमध्ये पोप लिओ चौदावे आणि इंग्लंडचे राजे तिसरे चार्ल्स यांनी एकत्र प्रार्थना केली. धर्मसुधारणेच्या काळात झालेल्या फाटाफुटीनंतर इंग्लंडच्या राजाने व पोप महोदयांनी जाहीररीत्या एकत्र प्रार्थना करण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. मधल्या काळात जवळजवळ पाच शतके लोटली. ज्या राष्ट्राने १५३४ साली रोमशी नाते तोडले, त्याच राष्ट्राने ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघाचाही निरोप घेतला होता. या दोन घटनांची तुलना ब्रिटनमधील इतिहासकार व राजकीय लेखक २०१६ च्या सार्वमतापासून सातत्याने करीत आले आहेत. ब्रेक्झिट म्हणजे इंग्लंडची दुसरी धर्मसुधारणा, असे काहींचे म्हणणे आहे.

ठाण्याच्या पूर्वेस कोपरीत राहणाऱ्या, रविवारी मिस्साला जाणाऱ्या मराठी भाविकाला या चर्चेशी काय कर्तव्य, असा प्रश्न वाचक विचारतील. आमच्या मते कर्तव्य आहे, आणि बरेच आहे. ‘दूरच्या सत्तेचा शब्द आपल्या भूमीत चालावा की नाही’ या प्रश्नावरून आपल्याच पूर्वजांची धर्मग्रामे दीडशे वर्षे दुभंगलेली होती. तो इतिहास आज आपल्या घरांतून जवळपास पुसला गेला आहे. परंतु इंग्लंडच्या वादाचे मोजमाप करायला त्याहून चांगली फूटपट्टी आपणांस मिळणार नाही.

प्रथम तुलनेत तथ्य किती, ते पाहू. आठव्या हेन्रीचे भांडण मुळात श्रद्धेविषयी नव्हते. १५२१ साली याच राजाला ल्यूथरविरुद्ध सात संस्कारांचे समर्थन केल्याबद्दल पोप दहाव्या लिओंनी ‘श्रद्धेचा रक्षक’ ही पदवी दिली होती. तिची आद्याक्षरे ब्रिटनच्या नाण्यांवर आजही आहेत. विवाहाचा प्रश्न निघाला आणि रोमने अनुकूल निर्णय दिला नाही, तेव्हा १५३३ साली थॉमस क्रॉमवेल याने पार्लमेंटकडून एक कायदा करून घेतला. इंग्लंडमधील खटल्याचे अपील देशाबाहेर जाणार नाही, हे त्याचे सार. इंग्लंड हे स्वतःच एक साम्राज्य असून त्याच्या राजावर दुसरे कोणी नाही, असे त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. हा कायदा वाचताना २०१६ च्या प्रचाराची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ब्रिटनच्या कायद्यावर निकाल द्यावा हे ब्रेक्झिटवाद्यांना अमान्य होते, आणि अखेरचा शब्द आपल्याच पार्लमेंटचा हवा, ही त्यांची मुख्य मागणी होती.

एक साम्य तर कायद्याच्या पुस्तकातच आहे. युरोपीय संघातून बाहेर पडताना हजारो नियम बदलायचे होते. म्हणून २०१८ च्या कायद्याने मंत्र्यांना पार्लमेंटपुढे पूर्ण विधेयक न आणता कायदे दुरुस्त करण्याचे अधिकार दिले. अशा तरतुदींना ब्रिटनमधील वकील मंडळी ‘आठव्या हेन्रीची कलमे’ म्हणतात, कारण १५३९ साली त्या राजाने आपल्या घोषणांना कायद्याचे बळ मिळवून घेतले होते. पार्लमेंटची सत्ता परत आणण्यासाठी निघालेल्यांनी प्रथम पार्लमेंटलाच बाजूस सारावे, ही गोष्ट दोन्ही वेळा घडली.

दुसरे साम्य निष्ठेच्या प्रश्नाचे. १५३४ नंतर ‘मी पोपला मानतो’ असे म्हणणे हा धर्माचा विषय न राहता राजद्रोहाचा विषय झाला. संत जॉन फिशर व संत थॉमस मोर यांचा शिरच्छेद १५३५ च्या जून-जुलैत झाला, तो याच आरोपावरून. २०१६ नंतर कोणाचे शिर गेले नाही, हे खरे. पण युरोपच्या बाजूने मत देणाऱ्यांच्या देशप्रेमावर शंका घेतली जाऊ लागली, आणि पार्लमेंटच्या संमतीवाचून बाहेर पडता येणार नाही असा निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांची छायाचित्रे एका लंडनच्या वृत्तपत्राने लोकांचे शत्रू म्हणून छापली. हा निर्णय पार्लमेंटच्याच बाजूचा होता, याचे भान त्या घाईत राहिले नाही.

येथपर्यंत तुलना चालते. पुढे ती अडखळते, आणि ते सांगितले पाहिजे. २३ जून २०१६ रोजी लोकांना विचारण्यात आले: ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या बाजूचे, ४८.१ टक्के राहण्याच्या. ट्यूडर राजांनी कोणालाही विचारले नाही. १५३६ साली उत्तर इंग्लंडातील लोक मठ बंद करण्याविरुद्ध रॉबर्ट आस्कच्या नेतृत्वाखाली उठले, १५४९ साली नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध कॉर्नवॉल व डेव्हनचे लोक उठले. दोन्ही उठाव मोडून काढण्यात आले. एका मनुष्याच्या आयुष्यात राजाची श्रद्धा चार वेळा बदलली, आणि प्रत्येक वेळी प्रजेने बदलावे अशी अपेक्षा होती. मेरी राणीच्या काळात सुमारे २८० प्रोटेस्टंटांना जाळण्यात आले. आम्ही कॅथलिक म्हणून हे वाक्य भरभर वाचून पुढे जातो. ते थांबून वाचायला हवे. एलिझाबेथच्या काळात शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरूंना फाशी देण्यात आले, आणि राजमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्या कॅथलिकांना १५८१ पासून महिन्याला वीस पौंड दंड ठरला, जो सामान्य घराचे कंबरडे मोडण्यास पुरेसा होता.

आता आपल्याकडे वळू. १५३४ हे वर्ष पुन्हा ध्यानात घ्यावे. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पोप तिसरे पॉल यांच्या आज्ञापत्राने गोवा धर्मप्रांताची स्थापना झाली आणि डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या भोवतालचा प्रदेश पोर्तुगीजांना दिला. म्हणजे इंग्लंडने रोमपासून काडीमोड घेतला त्याच सुमारास आपला किनारा रोमच्या व्यवस्थेत आला. पण तो कोणाच्या हातून आला? पोर्तुगालच्या राजाच्या. पाद्रोआदो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेनुसार चर्च बांधणे व धर्मगुरूंना पोसणे हे राजाचे काम, आणि बिशपपदासाठी नावे सुचविणे हा राजाचा हक्क. हेन्रीने जे हिसकावून घेतले, त्यातले पुष्कळसे पोर्तुगालच्या राजाला रोमनेच लेखी दिले होते, असे म्हटल्यास ते फारसे अन्यायाचे होणार नाही. फरक एवढाच की एकाकडे परवानगी होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. पण फरक लहान नाही. दिलेला हक्क परत मागता येतो, आणि रोमने १६२२ साली धर्मप्रसार परिषद, म्हणजे प्रोपगंडा, स्थापून तो हळूहळू परत मागायला सुरुवात केली. तेथूनच आपल्या दुहीचे बीज पडले.

या दुहीला पाणी घालणारे हात मात्र इंग्रजांचे होते. मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारान्वये दुसऱ्या चार्ल्सला मिळाले, आणि १६६८ साली त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला दिले. येथील कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य देण्याचे वचन करारात होते. पण पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरू आपल्या राजाशी एकनिष्ठ आहेत ही शंका कंपनीला छळत राहिली. १७२० साली गव्हर्नराने त्यांना बेटावरून घालवले आणि चर्चेस प्रोपगंडाने नेमलेल्या कार्मेलाइट बिशपांच्या स्वाधीन केली. १७८९ साली ती परत गोव्याच्या आर्चबिशपांकडे गेली, १७९१ साली पुन्हा कार्मेलाइटांकडे आली, आणि १७९४ साली कंपनीने कंटाळून ती वाटून टाकली: काही धर्मग्रामे गोव्याला, काही प्रोपगंडाला. पोपला न मानणाऱ्या राजाचे नोकर आपल्या पूर्वजांचा बिशप कोण हे ठरवीत होते! क्रॉमवेलला हे पाहून हसू आले असते.

एकाच बेटावर दोन कॅथलिक बिशपांची सत्ता म्हणजे काय, हे वांद्र्यात अजून डोळ्यांनी दिसते. सेंट अँड्र्यूज हे जुने चर्च पाद्रोआदोकडे होते. थोड्याच अंतरावरील सेंट पीटर्स प्रोपगंडाच्या बाजूचे. क्रीड एक, संस्कार एक, पोपही एकच. केवळ बिशप कोणाच्या हुकमाने आला, एवढ्यावरून शेजाऱ्यांचे दोन तट. १८३८ साली पोप सोळावे ग्रेगरी यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील पाद्रोआदोची सत्ता आटोपती घेतली, तेव्हा गोव्याच्या बाजूच्या धर्मगुरूंनी तो आदेश मानला नाही, आणि विरुद्ध पक्ष त्यांना फुटीर म्हणू लागला. १८५३ साली तर माहीमच्या सेंट मायकल चर्चवरून प्रकरण इतके हातघाईवर आले की प्रोपगंडाचे बिशप अनास्तासियुस हार्टमन चर्चमध्ये दारे लावून बसले आणि बाहेर गोव्याच्या बाजूच्या भाविकांनी वेढा दिला. शेवटी सरकारी अधिकारी मध्ये पडले व चर्च गोव्याच्या पक्षाला मिळाले. त्याच वर्षीच्या एप्रिलात बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. शाळेच्या पुस्तकात आगगाडी आहे. माहीमचे कुलूप नाही.

वाद मिटविण्याचा पहिला मोठा करार रोम व लिस्बन यांच्यात २३ जून १८८६ रोजी झाला. ब्रिटनचे सार्वमत बरोबर १३० वर्षांनी त्याच तारखेस आले, हा केवळ योगायोग. त्या करारानंतर मुंबईला आर्चबिशप मिळाले, पण साष्टी व वसईतील पाद्रोआदोची धर्मग्रामे दमण धर्मप्रांतात, म्हणजे लिस्बनच्या छत्राखाली राहिली. कराराने पाद्रोआदोचे क्षेत्र आक्रसले याचा राग अनेकांना आला. मुंबईत डॉ. लिस्बोआ पिंटो यांच्या पुढाकाराने राजाश्रयाच्या रक्षणासाठी मंडळ निघाले. गोव्याचे धर्मगुरू आंतोनियो फ्रान्सिस्को शाव्हियर अल्वारिस तर रोमपासूनच दूर झाले आणि १८८९ साली त्यांनी सिरियन ऑर्थोडॉक्स परंपरेतील बिशपपद स्वीकारले. पोर्तुगालच्या राजावरील निष्ठेपायी पोपलाच सोडणे, हे आज चमत्कारिक वाटते. पण पिढ्यान्‌पिढ्या एका छत्राखाली राहिलेल्या माणसाला छत्र हीच श्रद्धा वाटू लागते. ब्रिटनमध्ये युरोपच्या झेंड्याखाली मोर्चे काढणारी व त्याविरुद्ध युनियन जॅक नाचविणारी माणसे पाहताना आम्हांस अल्वारिस आठवतात.

या काळातच आपल्या ओळखीचाही निकाल लागला. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी मुंबई-साष्टीच्या मूळ कॅथलिकांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन संघटना स्थापिली. नोकरीच्या बाजारात गोव्याहून व मंगळुराहून आलेल्या पोर्तुगीज नावांच्या लोकांहून आपण वेगळे, कंपनी सरकारचे जुने प्रजाजन, हे त्यांना दाखवायचे होते. ‘सत्ता कोणाची’ हा प्रश्न ‘आपण कोण’ या प्रश्नात असा बदलत जातो. ब्रिटनमध्येही तेच झाले. मासेमारीचा कोटा व आयातकर यांवरून निघालेला वाद शेवटी स्वतःला इंग्रज म्हणवावे की ब्रिटिश की युरोपीय, येथे येऊन थांबला. स्कॉटलंडने ६२ टक्क्यांनी व उत्तर आयर्लंडने सुमारे ५६ टक्क्यांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते, त्यांची नाराजी अजून शमलेली नाही.

१५ एप्रिल १९२८ च्या करारानेच मुंबईतील दुहेरी सत्ता संपली. दमणची ब्रिटिश मुलखातील धर्मग्रामे मुंबई महाधर्मप्रांतात आली. परंतु त्या करारात एक अट होती, जी आजच्या तरुणांना खरी वाटणार नाही. मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असावेत! त्यानुसार जोआकीम लिमा आले, त्यांच्यानंतर १९३७ साली इंग्रज येशूसंघीय थॉमस रॉबर्ट्स. या रॉबर्ट्सांनी जे केले ते कोणत्याही करारात नव्हते. भारतीय मनुष्याने आपल्या जागी यावे म्हणून १९४६ साली व्हॅलेरियन ग्रेशस सहायक बिशप होताच ते मुंबई सोडून गेले. अधिकाराची शेवटची गाठ १९५० साली सुटली. पोर्तुगालने भारताच्या भूमीतील आपले हक्क सोडले आणि ग्रेशस आर्चबिशप झाले. १८८६, १९२८, १९५०: तीनही वेळा सह्या रोम आणि लिस्बनच्या. कोपरी, ठाणे किंवा साष्टीच्या एकाही भाविकाचे मत कोणी विचारले नाही. या दृष्टीने ब्रिटनच्या मतदाराचा आम्हांस थोडा हेवा वाटतो, त्याने दिलेला कौल आम्हांस पटो वा न पटो.

ज्या भाविकांना कोणीच विचारत नाही, त्यांचे काय होते? येथे आम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होते. मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांचे नाव सांगावे लागत नाही. पण ते ट्यूडर फाटाफुटीचे अपत्य होते, हे आपण विसरतो. इंग्लंडात नवे प्रार्थनापुस्तक लागू झाले त्या १५४९ च्या सुमारास विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात त्यांचा जन्म झाला. त्यांचे मित्र थॉमस पाउंड यांनी श्रद्धेसाठी जवळजवळ तीस वर्षे तुरुंगात काढली. स्टीफन्स रोमला जाऊन येशूसंघात दाखल झाले, आणि लिस्बनमार्गे ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. चार वर्षांनी राल्फ फिच, जॉन न्यूबेरी व त्यांचे सोबती, हे एलिझाबेथच्या राज्यातील व्यापारी, हेर समजून पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले, तेव्हा त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी धडपडणाऱ्यांत स्टीफन्स होते. ज्या राज्यात त्यांना स्वतःला उघडपणे मिस्सा अर्पण करता आली नसती, त्याच राज्याच्या प्रजाजनांसाठी. फिचच्या माहितीचा उपयोग पुढे १६०० साली स्थापन झालेल्या कंपनीला झाला, ही इतिहासाची वक्रगती. स्टीफन्स मायदेशी कधीच परतले नाहीत. १६१६ साली रायतूरला त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. इंग्लंडने एक श्रद्धाळू गमावला, मराठीला एक कवी मिळाला.

बुश्टनपासून काही मैलांवर स्विंडन हे शहर आहे. गेल्या पंचवीसेक वर्षांत तेथे गोमंतकीय कॅथलिकांची मोठी वस्ती झाली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते. पोर्तुगीज पारपत्र म्हणजे युरोपीय संघाचे पारपत्र, आणि ते असले की ब्रिटनमध्ये राहणे व नोकरी करणे सोपे होते. (आपल्या ठाणे-वसईच्या लोकांना ही वाट उपलब्ध नव्हती, चिमाजी अप्पांनी ती १७३७ ते १७३९ च्या दरम्यान बंद केली होती.) म्हणजे स्टीफन्स विल्टशरहून पोर्तुगालच्या मार्गे गोव्याला आले, आणि सव्वाचारशे वर्षांनी गोव्याची मुले पोर्तुगालच्याच मार्गे विल्टशरला गेली. त्या स्विंडननेच २०१६ साली ५४ टक्क्यांहून अधिक मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला. त्या मतदानात पोर्तुगीज पारपत्रधारक गोमंतकीयाला मत नव्हते. भारतीय पारपत्र असलेल्या त्याच्याच भावाला, तो ब्रिटनमध्ये राहत असल्यास, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून मत होते! ३१ डिसेंबर २०२० नंतर ही वाट बंद झाली. जे आधीच तेथे होते त्यांनी अर्ज करून राहण्याचा हक्क टिकवला, पण गावी मागे राहिलेल्या धाकट्या भावंडांना आता इतर परदेशीयांप्रमाणे व्हिसा लागतो. ‘सत्ता परत घेतली’ म्हणजे त्या कुटुंबांच्या दृष्टीने काय झाले, ते असे.

सत्तेच्या अखंडतेविषयी जो शब्द ट्यूडरांनी उच्चारला आणि ब्रेक्झिटवाद्यांनी पुन्हा काढला, तो असा की एका भूमीत एकच अखेरची सत्ता असली पाहिजे. आमच्या परिसराने याच्या उलटही पाहिले आहे. १९८८ साली कल्याणला सिरो-मलबार धर्मप्रांत स्थापन झाला. २०२५ साली त्याला महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. ठाण्यापासून डोंबिवली-कल्याणपर्यंत एकाच रस्त्यावर मुंबईच्या लॅटिन आर्चबिशपांचे व कल्याणच्या सिरो-मलबार आर्चबिशपांचे भाविक राहतात. म्हणजे दुहेरी सत्ता पुन्हा आली. पण ही १७९४ ची वाटणी नव्हे: कोणत्याही गव्हर्नराने ती केली नाही, आणि एकाच्या मिस्सेला गेलेला दुसऱ्याचा द्रोही ठरत नाही. मात्र सगळे सुरळीत आहे असे समजू नये. केरळात मिस्सेच्या पद्धतीवरून एर्नाकुलमचे सेंट मेरीज बॅसिलिका २०२२ च्या अखेरीस बंद करावे लागले. माहीमचे कुलूप इतके जुने नाही.

आपल्याकडे प्रश्न बहुधा बाप्तिस्म्याच्या वेळी उभा राहतो. वडील सिरो-मलबार आणि आई लॅटिन, किंवा उलट. पोप फ्रान्सिस यांनी ३१ मे २०१६ रोजी, म्हणजे ब्रिटनच्या मतदानाच्या तीनच आठवडे आधी, लॅटिन व पौर्वात्य कायदेसंहितांमधील अशा विसंगती दूर करणारा आदेश काढला. मूल कोणत्या ख्रिस्तसभेचे, हे साधारणतः वडिलांवरून ठरते. आई लॅटिन असेल तर दोघांच्या संमतीने ते लॅटिनही होऊ शकते, आणि ते नोंदवहीत स्पष्ट लिहावे लागते. आमच्या धर्मगुरुबंधूंना विनंती आहे की असे कुटुंब आल्यास ही चौकशी बाप्तिस्म्यापूर्वीच करावी, आणि दुसऱ्या ख्रिस्तसभेच्या स्थानिक धर्मगुरूंना दूरध्वनी करण्यास संकोच करू नये.